मुलींच्या सिरीजमध्ये गेले म्हणजे मी हरले का?

या वेळचं पत्र रेसिंग करणाऱ्या एका १६ वर्षांच्या मुलीचं आहे, थोडं कापून देतेय. (शिडी अशी: कार्टिंग म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची रेस, त्यावर फॉर्म्युला फोर, थ्री, टू, आणि सगळ्यात वर फॉर्म्युला वन, म्हणजे एफ वन.)

"ताई, मी आठ वर्षांची असल्यापासून कार्टिंग करते. आमच्या ग्रिडवर २८ जण असतात त्यात आम्ही दोघीच मुली. मागच्या सीझनला मी ओव्हरऑल चौथी आले. आता फॉर्म्युला फोर लेव्हलच्या गाडीत जायचं चाललंय आणि एका टीमने बाबांना सांगितलंय की एफ वन अकॅडमीसाठी टेस्ट द्या, मुलींसाठीच आहे, सपोर्ट पण मिळतो. बाबा एकदम खुश. पण माझ्यासोबतची मुलं म्हणतात तिकडे गेलीस म्हणजे तू मान्यच केलंस की आमच्यासमोर तुला जमत नाही. कोच म्हणतात मुली फारतर एफ थ्रीपर्यंत जातात, पुढे स्टिअरिंगच झेपत नाही. आणि एफ वनमध्ये आजपर्यंत एकही बाई जिंकली नाहीये हे तर खरंच आहे ना? मग मी आईबाबांचे पैसे वाया घालवतेय का? रात्री झोप लागत नाही. – हेल्मेटमधली"

अगं, २८ जणांत चौथी आलीस ते एका ओळीत उरकलंस आणि बाकी सगळं पत्र लोक काय म्हणतात त्याचं आहे. चौथी म्हणजे २४ जण तुझ्या मागे होते, आणि त्यातले बरेचसे आता तुला सांगतायत की तुला जमत नाही. हे एकदा नीट डोक्यात बसू दे, मग बाकीचं बोलू.

एफ वनचं आधी. हो, जिंकली नाहीये कोणी. १९५० पासून आजपर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेससाठी नाव दिलेल्या बायका फक्त पाच, आणि त्यातल्या प्रत्यक्ष स्टार्टला उभ्या राहिल्या त्या दोनच, इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिप्पिस आणि लेल्ला लोम्बार्दी. लोम्बार्दीची शेवटची रेस १९७६ ची. त्यानंतर एकही बाई एफ वनच्या रेसमध्ये सुरुवातीच्या ग्रिडवर उभी राहिलेली नाही. ऐकायला वाईट वाटतं आणि आहेच वाईट, पण यातून काय अर्थ काढायचा ते तू ठरव, कारण लोक यातून जो अर्थ काढतात तो मला अजिबात पटत नाही. शेकडो बायकांनी प्रयत्न केला आणि सगळ्या हरल्या असं झालेलं नाहीये. पाच जणी होत्या, त्याही बहुतेक वेळा जी गाडी दुसऱ्या कोणाला नको होती त्या गाडीत.

१९९२ चं उदाहरण तुझ्या कोचना जरूर सांग. जिओव्हाना अमाती, ब्रॅबम टीम, तीन रेससाठी प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा क्वालिफाय झाली नाही, म्हणजे रेसला उभं राहण्याइतका वेगवान लॅप निघाला नाही, मग तिला काढलं. आजही बायकांचा विषय निघाला की लोक हे उदाहरण पुढे करतात. पण तिच्या जागी कोण आलं माहितीये? डेमन हिल. तीच टीम, पैशाने कंगाल झालेली, तीच मागे पडलेली गाडी, आणि हिलला आठ प्रयत्नांत फक्त दोन वेळा क्वालिफाय होता आलं. तोच हिल पुढे चांगल्या गाडीत बसला आणि १९९६ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याला दुसरी संधी मिळाली, अमातीला मिळाली नाही. ती हिलइतकी फास्ट होती असं मी म्हणत नाहीये, बहुतेक नसेलच, पण त्या गाडीत बसवून कोणाचंच काही सिद्ध होत नव्हतं एवढं तर दिसतं ना.

आणि लोम्बार्दीची गोष्ट तर प्रत्येक मुलीला माहिती पाहिजे असं मला वाटतं. १९७५ ची स्पॅनिश ग्रां प्री, बार्सिलोनाच्या मॉन्जुईक पार्कमध्ये, भयंकर अपघात झाला, प्रेक्षकांचे जीव गेले, रेस मधेच थांबवली. ती तेव्हा सहावी होती. रेस पुरी न झाल्याने पॉइंट अर्धे दिले आणि तिला मिळाला अर्धा पॉइंट, आजवर एफ वनमध्ये बाईने मिळवलेले एकूण पॉइंट एवढेच. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ती त्या मार्च कंपनीच्या गाडीबद्दल टीमला सारखी सांगायची की गाडी नीट वळत नाहीये, काहीतरी गडबड आहे, आणि टीमला वाटायचं हिलाच जमत नाहीये. नंतर ती गाडी रॉनी पीटरसनने चालवली, तेव्हाच्या सगळ्यात वेगवान ड्रायव्हरांपैकी एक, आणि तो पण आला आणि नेमकं तेच म्हणाला. मग गाडी उघडून बघितली तर मागचा बल्कहेड (सांगाड्यातली आडवी भिंत) तडकलेला. हे मार्चच्या डिझायनर रॉबिन हर्डनेच नंतर सांगितलंय. म्हणजे पूर्ण सीझन ती मोडक्या गाडीत खरं बोलत होती आणि कोणी ऐकलं नाही.

तुझ्यासाठी याचा अर्थ अगदी रोजच्या कामाचा आहे. टेलिमेट्री (गाडीतले सेन्सर नोंदवतात तो डेटा) वाचायला शीक, आत्तापासून, इंजिनिअरच्या शेजारी बसून. ब्रेक प्रेशरचा ग्राफ, स्टिअरिंग अँगल, थ्रॉटल, टीममेटचा लॅप तुझ्या लॅपवर ठेवून कुठे दोन दशांश सेकंद गेले ते स्वतः शोध. "गाडी बरोबर वाटत नाही" असं न म्हणता "तिसऱ्या कॉर्नरच्या एंट्रीला पुढचं टोक घसरतंय, मिडला ठीक, एक्झिटला मागचं सुटतंय" असं बोलायला लाग. मुलाने नुसतं "खराब आहे" म्हटलं तरी लोक स्पॅनर घेऊन धावतात, मुलीला पुरावा मागतात, हे अन्यायाचं आहे आणि मला त्याचा राग येतो, पण तोपर्यंत पुरावा तुझ्या हातात असलेला बरा. शिवाय आता डेटा आहे, लोम्बार्दीकडे तो नव्हता.

आता एफ वनच्या बाहेर बघ, कारण वरच्या लेव्हलची रेसिंग म्हणजे फक्त एफ वन नाही. मिशेल मुतोंने १९८१ ला सानरेमो रॅली जिंकली, ती वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपची रेस, आणि १९८२ ला पोर्तुगाल, अक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकून ती पूर्ण चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आली, वॉल्टर ऱ्योर्लपेक्षा १२ पॉइंट कमी, त्यातही शेवटाकडच्या आयव्हरी कोस्ट रॅलीच्या तोंडावर तिचे वडील गेले तरी ती गाडीत बसली होती. डेझिरे विल्सनने १९८० ला ब्रँड्स हॅचला ब्रिटिश एफ वन सिरीजची रेस जिंकली, एफ वनच्याच गाडीत. युटा क्लाइनश्मिटने २००१ ला वाळवंटातली डकार रॅली जिंकली. सबीने श्मिट्स न्युरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या रेसच्या विजेत्या टीममध्ये लागोपाठ दोन वर्षं होती, १९९६ आणि १९९७. डॅनिका पॅट्रिकने २००८ ला जपानच्या मोतेगीला इंडीकार या अमेरिकन सिरीजची रेस जिंकली, पुढच्या वर्षी इंडी ५०० मध्ये तिसरी आली. आणि २०२३ ला बहरीनला आयर्न डेम्स टीमच्या तिघी, सारा बोवी, रॅहेल फ्राय आणि मिशेल गॅटिंग, वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमध्ये आपल्या क्लासमध्ये पहिल्या आल्या. यातली एकही रेस फक्त बायकांची नव्हती. त्यामुळे "बायका जिंकत नाहीत" हे वाक्य कोणी म्हटलं की कुठल्या रेसमध्ये ते विचारायचं.

स्टिअरिंगचं. तुझे कोच पूर्ण चुकीचं बोलत नाहीयेत म्हणून हा मुद्दा मी नीट घेते. एफ फोर, एफ थ्री, एफ टू या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं. स्पीड वाढला की डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) वाढतो, रुंद टायर रस्त्यावर दाबले जातात, आणि हायस्पीड कॉर्नरमध्ये स्टिअरिंग वळवायला आणि तसंच धरून ठेवायला खांदे, दंड, मनगट सगळं लागतं, ते पण पाऊण तास. एफ थ्रीला साधारण ३८० हॉर्सपॉवर, एफ टूला ६२० च्या आसपास, म्हणजे पायरी चढतेस तशी गाडी जड होत जाते. आणि एफ वनला? एफ वनला पॉवर स्टिअरिंग असतं. शिडीचा शेवट हातांसाठी मधल्या पायऱ्यांपेक्षा सोपा आहे (मानेसाठी नाही, तिकडे कॉर्नरला पाच जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट जोरापर्यंत जातं). म्हणजे ज्या गोष्टीवर मुली मधेच गळतात ती गोष्ट सगळ्यात वरच्या गाडीत लागतच नाही, हे मला कधीच न्यायाचं वाटलेलं नाही. सरासरी बघितलं तर बायकांच्या वरच्या अंगात ताकद पुरुषांपेक्षा कमी असते हे खरं आहे, ते लपवून काही फायदा नाही. पण तू सरासरी नाहीयेस, तू एक मुलगी आहेस जी आठ वर्षं पॉवर स्टिअरिंग नसलेलं कार्ट चालवतेय.

तातियाना काल्देरोन २०१९ ला आताच्या एफ टू चॅम्पियनशिपमध्ये रेस करणारी पहिली बाई, आणि ती या जड स्टिअरिंगबद्दल उघडपणे बोलली. तेव्हा बऱ्याच लोकांनी कारणं देतेय म्हणून सोडून दिलं. पण २०२४ ची नवीन एफ टू गाडी आणि २०२५ ची एफ थ्री गाडी बनवताना स्टिअरिंगला लागणारा जोर कमी करण्याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं. म्हणजे बोलून फरक पडतो, उशिरा का होईना. आणि जेमी चॅडविक २०२३ ला अमेरिकेत इंडी नेक्स्टमध्ये, म्हणजे इंडीकारच्या खालच्या सिरीजमध्ये गेली, तिथेही पॉवर स्टिअरिंग नाही, पहिलं वर्ष तिला जड गेलं, मग ती जिममध्ये ताकदीवर बसली आणि २०२४ च्या जूनमध्ये रोड अमेरिका सर्किटला पोलवरून (पहिल्या जागेवरून) सुटून रेस जिंकली. त्या सिरीजच्या रोड कोर्सवर (ओव्हल नसलेल्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर) जिंकणारी पहिली बाई. कोचना ही रेस बघायला सांग.

तर ट्रेनिंग आत्ता सुरू कर, सीट मिळाल्यावर नको. मान, खांदे, पाठ, पकड. मानेचे व्यायाम ड्रायव्हरांसोबत काम केलेल्या ट्रेनरकडूनच शीक, मनाने वजनं लटकवून करू नकोस, १६ व्या वर्षी मानेला इजा झाली तर ती आयुष्यभर पुरते. आणि कार्टिंगमध्ये सगळ्यांना वजन कमी ठेवायचं जे वेड असतं ना, ते तिथेच सोडून ये. मोठ्या गाड्यांमध्ये कमीत कमी वजन गाडी अधिक ड्रायव्हर असं धरतात, एफ वनमध्ये तर २०१९ ला ड्रायव्हर आणि सीटचं मिळून ८० किलोचं किमान वजन ठरवलं, २०२५ ला ते ८२ केलं, तू हलकी असलीस तर बाकीचं बॅलास्ट (जादा वजन) म्हणून सीटपाशीच भरावं लागतं. म्हणजे उपाशी राहून काहीच हाताला लागत नाही, उलट ताकद जाते. पोटभर जेव गं.

पाळीबद्दल तू विचारलं नाहीस पण मी सांगतेच कारण टीममध्ये हे कोणी काढणार नाही. झोप, पाणी, वजन याची जशी नोंद ठेवशील तशी त्याचीही ठेव, आणि ट्रेनरला सांग. काही मुलींना काहीच फरक पडत नाही, काहींना त्या दिवसांत थकवा जास्त येतो, तुझं शरीर काय करतं हे तुलाच माहिती हवं. ग्रिडवर जायच्या आधी टॉयलेटला जायला वेळ हवा हे टीमला सरळ सांगायचं, फायरप्रूफ सूट उतरवून परत चढवायला वेळ लागतो, यात लाजायचं काही नाही.

आणि गाडीत बसताना तुझ्या मापाचं सगळं करून घे. सीट स्वतःच्या अंगावर फोम ओतून बनवून घे, आधीच्या ड्रायव्हरची सीट टॉवेल घालून वापरायची नाही. पेडल पुढे आणता येतात. स्टिअरिंगची ग्रिप जाड वाटली तर बदलता येते. कोपर किती वाकतं यावर जोर किती लावता येतो ते ठरतं, एवढ्याशा गोष्टीने स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं. हे मागितलंस म्हणजे नखरे केलेस असं नाही, मुलंही हेच मागतात आणि त्यांना मिळतं.

आता मुख्य प्रश्न, जावं की नाही. मला वाटतं जावं, पण तेवढंच करायला नाही.

फक्त मुलींच्या सिरीजबद्दल आधीपासून दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे रेस केलेल्या बायका आहेत. २०१८ ला डब्ल्यू सिरीजची घोषणा झाली तेव्हा पिपा मान, सोफिया फ्लोर्श यांनी उघड विरोध केला होता, आम्हाला वेगळं काढू नका, तोच पैसा मिक्स ग्रिडवर, म्हणजे मुलं-मुली एकत्र असतात तिथे, मुलींना द्या असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं आजही चुकीचं नाहीये. फ्लोर्शने तर २०२३ ला बेल्जियमच्या स्पा सर्किटला एफ थ्रीमध्ये पॉइंट मिळवले, त्या चॅम्पियनशिपमध्ये पॉइंट मिळवणारी पहिली बाई, मुलांच्या मधे. दुसरीकडे डब्ल्यू सिरीजमध्ये ड्रायव्हरला एक पैसा भरावा लागत नव्हता, निवड गुणावर होती आणि चॅम्पियनला ५ लाख डॉलर. ज्या मुली पैशाअभावी घरी बसल्या होत्या त्या परत गाडीत बसल्या, ही लहान गोष्ट नाही.

पण डब्ल्यू सिरीजचं पुढे काय झालं ते पण बघ. चॅडविकने २०१९, २०२१, २०२२ असे तिन्ही सीझन जिंकले (२०२० ला महामारीमुळे झालंच नाही) आणि तीन वेळा चॅम्पियन होऊनसुद्धा तिला युरोपात एफ थ्रीची चांगली सीट मिळाली नाही, ती अमेरिकेला गेली. २०२२ चा सीझन पैसे संपल्यामुळे मधेच बंद पडला आणि सिरीजच संपली. जिंकल्यावर पुढची पायरी कुठे हे कोणी बांधलंच नव्हतं.

एफ वन अकॅडमी २०२३ ला सुरू झाली, सुझी वुल्फ ती चालवतात, ज्यांनी स्वतः २०१४ ला विल्यम्सकडून सिल्व्हरस्टोनला प्रॅक्टिस सेशन केलं होतं, ग्रां प्रीच्या वीकेंडला गाडी चालवणारी २२ वर्षांनंतरची पहिली बाई. इथे गाडी एफ फोरच्या लेव्हलची, वय १६ ते २५, आणि २०२४ पासून रेस एफ वनच्या वीकेंडलाच, एफ वन टीम एकेका मुलीला आपल्या रंगात उतरवतात. पुढची पायरी इथे थोडी तरी आहे. २०२४ ची चॅम्पियन ॲबी पुलिंग हिला पुढच्या वर्षी जीबी थ्रीमध्ये (ब्रिटनमधली एफ फोरच्या वरची सिरीज) पूर्ण खर्चाची सीट मिळाली. आणि सगळ्या पॅडॉकसमोर, म्हणजे टीम आणि स्पॉन्सरांच्या डोळ्यासमोर दिसायला मिळतं, स्पॉन्सर शोधताना त्याचा किती उपयोग होतो ते बाबांना विचार.

कमी काय आहे तर लॅप. सीझनला साधारण सात वीकेंड, प्रत्येक वीकेंडला थोडी प्रॅक्टिस, एक क्वालिफाइंग, साधारण दोन रेस, झालं. तुझ्या वयाची मुलं एफ फोरमध्ये त्याच वर्षात रेस, टेस्ट, परत टेस्ट असं करून तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर गाडीत काढतात, एकेक जण हिवाळ्यातली वेगळी सिरीज पण करतो. पोहणं काठावर बसून येत नाही तसंच हे, गाडीत बसावंच लागतं. म्हणून पुलिंगने काय केलं ते बघ, २०२४ ला अकॅडमी करतानाच ती ब्रिटिश एफ फोर पण करत होती, मिक्स ग्रिडवर, आणि ब्रँड्स हॅचला जिंकली, ब्रिटिश एफ फोरची रेस जिंकणारी पहिली मुलगी. माझ्या मते तुझ्यासाठी नकाशा हाच आहे. अकॅडमीतून पैसा, ओळख, एफ वन टीमची ओळख झाली तर तिचा सिम्युलेटर, आणि मिक्स सिरीजमधून किलोमीटर आणि खरं माप. दोन्हीचं बजेट जमत नसेल तर सात वीकेंडच्या ऐवजी जिथे जास्त टेस्ट दिवस मिळतात तिथे जा, भले टीव्हीवर नाही दिसलीस तरी.

सुपर लायसन्सचं (एफ वन चालवायच्या परवान्याचं) गणित पण हेच सांगतं. एफ वनला तीन वर्षांत ४० पॉइंट लागतात, एफ टूमध्ये पहिल्या तिघांत आलीस तर थेट ४०, एफ थ्रीच्या चॅम्पियनला ३०, आणि अकॅडमीतून त्याच्या मानाने खूपच कमी. म्हणजे कधी ना कधी मिक्स ग्रिडवर यावंच लागणार, बायकांच्या सिरीजमधून थेट एफ वन असा रस्ता नाहीये आणि अकॅडमीवाले पण तसं म्हणत नाहीत. मग त्या मुलांना सांगायचंच झालं तर एवढंच सांग की दोन्हीकडे भेटू. खरं तर काही सांगू पण नकोस. त्यांच्यातल्या कोणाला एफ वन टीमच्या रंगातली गाडी आणि अर्धा खर्च ऑफर झाला असता तर त्याने एक रात्र तरी विचार केला असता का?

पैसे वाया घालवतेय का, हा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. एक तर हा प्रश्न २८ पैकी २६ मुलं स्वतःला विचारत नाहीत, आणि त्यांच्यातलाही एखादा कसाबसा वर पोचेल, २०२६ ला टीम ११ झाल्या तरी अख्ख्या जगात एफ वनच्या सीट २२ च आहेत. दुसरं, पैसा हा या खेळात खरोखरचा अडसर आहे आणि त्यात तुझा दोष नाही. अकॅडमीच्या पहिल्या वर्षी ड्रायव्हरने दीड लाख युरो आणायचे आणि तेवढेच एफ वनने घालायचे असं होतं, आणि ही सगळ्यात खालची पायरी झाली. एफ टूचा एक सीझन वीस-तीस लाख युरोच्या घरात जातो. कोणतेही साधे आईबाबा हे स्वतःच्या खिशातून करू शकत नाहीत, मुलाचे असोत की मुलीचे. त्यामुळे आईबाबांसोबत बसून दोन आकडे ठरवा, या वर्षी घरातून जास्तीत जास्त किती, आणि कशावर कर्ज काढायचं नाही. घर गहाण ठेवून रेस करायची नाही, हे मी बाबांनाही सांगतेय, ते हे वाचत असतील तर. आकडा ठरला की तुझ्या डोक्यावरचं ओझं कमी होईल, कारण मग प्रत्येक खराब लॅपला तू मनात पैसे मोजणार नाहीस. शाळा सोडू नकोस. आणि इंजिनिअरिंगकडे वळ असा सल्ला कोणी दिला तर आवड असेल तर जरूर वळ, हॅना श्मिट्झ रेड बुलमध्ये स्ट्रॅटेजी ठरवतात, लॉरा म्युलर २०२५ पासून हासमध्ये रेस इंजिनिअर आहेत, जबरदस्त काम आहे ते. पण ड्रायव्हर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीला समजूत म्हणून तिकडे ढकलायचं नसतं. तू आज ड्रायव्हर आहेस.

एक काळजी मात्र घे. मुलगी ड्रायव्हर म्हटलं की काही स्पॉन्सरांना लॅपटाइमपेक्षा फोटो जास्त हवे असतात. थोडं करावं लागतं, मुलंही करतात, पण रेसच्या वीकेंडला शूट नाही, कपडे तू आणि आई ठरवणार, आणि सोशल मीडियाच्या कमेंट तू वाचायच्या नाहीत, घरातलं दुसरं कोणीतरी वाचेल. हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

टेस्ट द्यायला तर जाच, टेस्ट दिली म्हणजे सही केली असं होत नाही. पण सही करायच्या आधी बाबांनी टीम मॅनेजरला मेल करून विचारावं की रेस सोडून टेस्टचे दिवस किती आणि त्या दिवशी नवीन टायरचे किती सेट, माझा इंजिनिअर कोण आणि तो पूर्ण सीझन माझ्याकडेच असणार का, दोन गाड्यांमधे वाटला जाणार का, टीममेटचा डेटा मला पूर्ण उघडा मिळणार का, क्रॅश डॅमेजचं बिल कोणाचं आणि त्याला वरची मर्यादा आहे का, आणि या करारात मी दुसऱ्या मिक्स सिरीजमध्ये रेस करू शकते असं स्पष्ट लिहिलंय का. शेवटच्या प्रश्नाला नाही असं उत्तर आलं तर दुसरी टीम शोधा. डॅमेजच्या बिलाला मर्यादा नसेल तर ती घालून घेतल्याशिवाय सही नको. उत्तरं लेखीच घ्या, आणि आली की मला परत लिही, ओळीने बघू.

– ताई